घराचा ताबा राजनंदिनीकडे राहील

मी, विमलबाई जालिंदर पगारे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा पेरूतोडणीच्या टोळीची मुकादम, धर्म बौद्ध, राहणार मौजे हिंगणखेड, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर (आमच्या तोंडी अजून नगरच), माझ्या मागे काय कोणाकडे जावे ते या कागदात सांगून ठेवते.

अशा कागदात 'कोणाच्याही दडपणाखाली न येता' असे लिहायची पद्धत आहे. वकीलबाईंनीही तसेच लिहून आणले होते. मी ते वाक्य बदलून घेतले. दडपण आहे. पण ते मी हा कागद करू नये म्हणून आहे, करावा म्हणून नाही. माझ्या अन्ननलिकेत गाठ आहे. घास उतरत नाही, पण डोके जागेवर आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यातले कायद्याचे शब्द वकीलबाईंचे, बाकीचे माझे. काही ठिकाणी त्या म्हणाल्या, "ताई, एवढं मृत्युपत्रात लागत नाही." मी म्हटले, राहू द्या. उद्या कोणी या कागदाविरुद्ध कोर्टात गेले, तर वाचणाऱ्याला कारणासकट वाचायला मिळावा.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले आहे असे कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

कलम १. माझी माणसे

माझे पती जालिंदर हे उसाच्या ट्रॉलीखाली सापडून वारले, तेव्हा मुले लहान होती. मुलगा कल्याण याचा सन २०१७ मध्ये खून झाला. त्याचे लग्न झालेले नव्हते. मुलगी निकिता विवाहित असून पुण्याला एका रुग्णालयात परिचारिका आहे. दीर सहादेव हे माझ्या घरामागे राहतात. कायद्याने माझी वारस एकटी निकिता आहे, हे मला माहीत आहे, आणि ते माहीत असूनच मी पुढचे लिहीत आहे.

कलम २. घर

हिंगणखेड गावठाणातील माझे राहते घर, दोन खोल्या, पुढचा ओटा, न्हाणी आणि मागची मोकळी जागा, हे माझ्या स्वकष्टाचे आहे. यात सासरची किंवा माहेरची एक वीटही नाही. हे घर मी राजनंदिनी संदीप शेळके हिला देत आहे. ती माझी मुलगी नाही, सून नाही, नात्यातली नाही, जातीतलीही नाही. माझ्या कल्याणला ज्याने मारले त्या संदीप शेळके याची ती कायद्याने आजही पत्नी आहे.

हे वाचून म्हातारीचे डोके फिरले होते असे ज्याला वाटेल, त्याने पुढचेही वाचावे.

माझ्या सासूबाई साळूबाई वारल्या तिथून हे सुरू झाले. आमच्या वस्तीची स्मशानभूमी ओढ्याच्या काठी आहे. तिकडे जाणारी जुनी गाडीवाट काकासाहेब शेळके यांच्या पेरूच्या बागेच्या कडेने जाते. काकासाहेबांचे गावात वजन आहे. सोसायटीत ते, पंचायतीत त्यांची माणसे. त्या वर्षी त्यांनी ती वाट नांगरून बागेत घेतली आणि तारेचे कुंपण घातले. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो तर कुंपणाच्या आत त्यांचा थोरला मुलगा संदीप उभा.

"वाट बंद हाय. गायरानात न्या," तो म्हणाला.

आमचे पुरुष तिरडी खांद्यावर घेऊन त्याला विनवत राहिले. सहादेव माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, वाद नको. गायरानात नेऊ. आईला आता काय कळतंय?"

मला कळत होते. एकदा गायरानात नेले की ती वाट आम्हाला कायमची गेली.

माझ्या टोळीच्या बाया सासूबाईंना पोहोचवायला आल्या होत्या. टोळीत सगळ्या जातींच्या बाया आहेत. एका झाडाखाली बसून भाकरी खाणाऱ्या. मी तिरडीला पुढून खांदा दिला. दुसऱ्या बाजूने जयमाला कदम आली. जयमाला मराठ्याची, विधवा, पहिल्या हंगामापासून माझ्याबरोबर शिडी धरणारी. तिचा चुलत दीर मागून ओरडला, "जयमाला, सोड ते. घरात घेणार न्हाई तुला!"

"आत्ता तरी कुठं घेताय?" ती म्हणाली.

बायांनी तिरडी उचलून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि आम्ही भोवती बसलो. वाट मिळाल्याशिवाय उचलणार नाही, असे सांगितले. पोलीस आले, तलाठी आले, सरपंच आले. दिवस मावळायच्या आत तार तोडून आम्हाला जाऊ दिले. साळूबाई त्यांच्या जागी गेल्या.

पण मला एका दिवसाची वाट नको होती. मी तहसीलदारांकडे अर्ज केला. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे. आमच्या गावात ती फक्त कागदावर व्हायची. आम्ही ती खरोखर भरवायला लावली आणि वाटेचा ठराव केला. तोडणी सोडून टोळीच्या बाया माझ्याबरोबर तारखांना आल्या. निकाल आमच्या बाजूने लागला. जेसीबीने वाट मोकळी होत होती तेव्हा काकासाहेब बांधावर उभे होते. फक्त कल्याणकडे पाहून म्हणाले, "टेम्पो तूच चालवतो ना रे?"

त्याच आठवड्यात, बाजारच्या दिवशी, कल्याण राहात्याहून आमच्या टेम्पोतून रिकामे कॅरेट घेऊन येत होता. शेजारी सहादेव बसलेले. संध्याकाळची वेळ. कालव्याच्या चारीच्या वळणावर संदीप आणि त्याचे दोन साथीदार मोटारसायकल आडवी लावून उभे होते. हातात लोखंडी पाइप. सहादेव दार उघडून उसात पळाले. माझा मुलगा एकटा सापडला. दवाखान्यात नेईपर्यंत तो राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे शव अजून विच्छेदनालाच होते. आमच्या वस्तीवर बाहेरगावची पोरे जमली. काहींच्या हातात पेट्रोलचे कॅन होते. शेळके वस्ती जाळायची, असे बोलणे चालले होते. तिकडे मारुतीच्या पारापाशी गावातली पोरे काठ्या-कुऱ्हाडी घेऊन उभी. त्यांच्या मोबाईलवर मेसेज फिरत होता की आमच्या लोकांनी शेळक्यांची एक मुलगी उचलून नेली. असे काही घडलेले नव्हते. शेळके वस्तीवरचे पुरुष पळून गेले होते. मागे राहिल्या होत्या बाया, म्हाताऱ्या आणि लेकरे.

मी तेव्हा मोठ्याने रडत होते असे लोक सांगतात. मला ते आठवत नाही. मला आठवते की मी जयमालाला म्हणाले, "बाया घे. मोरीवर चल."

गावाचा, आमच्या वस्तीचा आणि शेळके वस्तीचा असे तिन्ही रस्ते चारीवरच्या मोरीवर, त्या लहान पुलावर, एकत्र येतात. ती अडवली की कोणाला कोणाकडे जाता येत नाही. आम्ही मोरीवर बसलो.

पेट्रोलवाली पोरे आली. त्यांतला एक, कोण कुठला, मला म्हणाला, "मावशी, रक्त तुमच्या पोराचं सांडलंय आन तुमीच आडवताय?"

"म्हनूनच आडवतीय," मी म्हणाले. "मारणारे पळून गेलेत. तिथं आता बाया न लेकरं हायेत. तू काडी लावून संध्याकाळी तुझ्या गावाला जाशील. माझ्या कल्याणची केस त्या काडीत जळंल. आज ते आरोपी हायेत, उद्या फिर्यादी व्हतील. मला त्यांना कोर्टात उभं करायचंय."

"कोर्ट काय देणार तुमाला?"

"ते मला म्हाईत न्हाई. पण तू हितून पुढं जायचं तर माझ्या अंगावरून जावं लागंल. एक मेलाय, त्याची आईबी जाऊ दे."

त्याने कॅन खाली ठेवला, पण हातातून सोडला नाही.

पाराकडून आलेल्यांपुढे जयमाला उभी राहिली. मेसेजमध्ये जिचे नाव होते त्या मुलीला तिने शेळके वस्तीवर जाऊन, हाताला धरून आणले होते. "ही बघा. हिला कुणी नेलंय?" तिने विचारले. पुढची पोरे थांबली. मागून दगड आला. तो जयमालाच्या डाव्या डोळ्यावर बसला. ती खाली बसली, पदराचा बोळा करून डोळ्यावर धरला आणि तिथेच बसून राहिली. एकही बाई उठली नाही. दुपारी पोलिसांची जादा कुमक आली तेव्हाच जयमालाला दवाखान्यात नेता आले. तो डोळा गेला. त्या दिवशी हिंगणखेडमध्ये आणखी कोणी मेले नाही.

राजनंदिनीने हे सगळे शेळके वस्तीच्या गच्चीवरून पाहिले. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि कडेवर तिची रांगती पूजा होती. पुढे संदीप सापडला, पण त्याच्या विरुद्ध सहादेवांच्या जबाबाखेरीज हातात धड पुरावा नव्हता. तेव्हा ती एक दिवस तोंडावर पदर घेऊन जयमालाच्या दारात आली. म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बाया मोरीवर बसल्या नसत्या तर मी न माझी लेक जळून गेलो असतो. मी जे पाहिलंय ते सांगते."

कोर्टात आरोपीच्या वकिलाने हरकत घेतली की बायको नवऱ्याविरुद्ध बोलू शकत नाही. न्यायाधीश तिला म्हणाले, "पतीने तुम्हाला काय सांगितले ते सांगू नका. तुम्ही काय पाहिले ते सांगा."

ती म्हणाली, "त्यांच्या शर्टाला रक्त पाहिलं. पाइप वैरणीत खुपसताना पाहिलं. शर्ट धुवायला माझ्याकडं टाकला, तो मी धुतला न्हाई. ज्वारीच्या कोठीत घालून ठेवला. पोलिसांना मीच काढून दिला."

तिची सासू मागच्या बाकावर बसली होती. ती तिथेच छाती बडवून घेऊ लागली. राजनंदिनीने मान वळवली नाही.

सासरचे दार बंद झाले. तिचे माहेर अकोले तालुक्यात, डोंगरात. वडिलांनी फोनवर सांगितले, "धाकटीचं लगीन व्हायचंय. हिकडं येऊ नको." साक्ष देऊन ती पूजाला मांडीवर घेऊन एसटी स्टँडवर बसली होती. एकामागून एक गाड्या जात होत्या आणि ती एकीतही चढत नव्हती. मी टेम्पो थांबवला.

"बस," मी म्हणाले.

"तुमच्या घरी? मी?"

"दुसरीकडं जागा असंल तर सांग, तिथं सोडते."

जागा नव्हती.

ती माझ्या घरात आली, त्यानंतर बरेच दिवस आम्ही कामापुरतेच बोललो. तिला पाहिले की मला तो न पाहिलेला शर्ट दिसायचा. मला पाहिले की तिला काय दिसत असेल ते मी विचारले नाही. ती माझ्याशी गोड वागायला गेली नाही. मलाही ते सोसले नसते. ती टोळीत आली. सुरुवातीला बाया तिच्याशेजारी डबा उघडत नव्हत्या, मग उघडू लागल्या. आता माझ्या तोंडात चमच्याने पातळ भात घालणारी तीच आहे.

तिने खरे सांगितले म्हणून ती बेघर झाली. म्हणून घर तिचे.

या घरात, ओट्यावर किंवा मागच्या जागेत संदीप शेळके यास येण्याचा कोणताही हक्क राहणार नाही. पती म्हणून आला तरी नाही. राजनंदिनीने घर विकू नये अशी अट मी घालत नाही. जीव वाचवायला विकून दूर जावे लागले तर तिने जावे. माझ्या नावासाठी तिथे थांबू नये.

कलम ३. टेम्पो, शिड्या, कॅरेट

टेम्पो, तोडणीच्या शिड्या आणि सगळे कॅरेट जयमाला रावसाहेब कदम हिला. हा तोच टेम्पो. पोलिसांनी सोडल्यावर लोक म्हणाले, भंगारात दे. मी काच बसवून घेतली, सीट धुतली आणि चालवायला शिकले. गाडीने काही केलेले नव्हते.

जयमालाला एका डोळ्याने गाडी चालवता येणार नाही. तिने टोळीतली एखादी पोरगी तयार करावी. पुरुष ड्रायव्हर ठेवायला माझी मनाई नाही, पण पोरगी मिळाली तर बरे.

शेळक्यांच्या बागेत टोळी जाणार नाही. कल्याण गेल्यापासून आम्ही तिथे तोडणी केलेली नाही. एका हंगामात त्यांचा माल झाडावर पिकून खाली सडत पडला, तेव्हा निरोप आला होता. बायांना गरज होती तरी कोणी गेले नाही. वकीलबाई म्हणतात, अशी अट कायद्याने कोणावर बांधता येत नाही. अट नाही, माझे सांगणे आहे.

कलम ४. निकिता

सासऱ्यांकडून माझ्या वाट्याला आलेली जिरायत जमीन, माझे गंठण आणि बँकेतली शिल्लक ही सर्व माझी मुलगी निकिता हिला.

घराचे मी तिला दिवाळीत सांगितले. ती ओट्यावर उभी होती, आत आली नाही. म्हणाली, "आई, दादाचा फोटो त्या भिंतीवर आहे. ती बाई रोज त्याखाली झोपते. आता भिंतही तिचीच?"

"भिंत तिची. फोटो तू घेऊन जा."

"तू माझी आई आहेस की तिची?"

ती फोटो न घेता गेली. त्यानंतर फोन करते, औषधे विचारते, बाकी काही बोलत नाही. निकिताचे म्हणणे चुकीचे आहे असे मी या कागदात लिहिणार नाही. तिचा भाऊ गेला आहे. मी तिची समजूत घालू शकले नाही. एवढेच मागते की तिने या घरावरून दावा लावू नये. लावलाच तर राजनंदिनीने तिच्याशी भांडताना तोंड सांभाळावे.

कलम ५. सहादेव

माझे दीर सहादेव हे एकटे डोळ्यांनी पाहणारे होते. त्या संध्याकाळी उसातून बाहेर येऊन त्यांनीच कल्याणचे डोके मांडीवर घेतले होते. पोलिसांना त्यांनी तिघांची नावे सांगितली. कोर्टात शपथ घेऊन म्हणाले, "मी त्या दिवशी नगरला हुतो. टेम्पोत नव्हतो." ते फितूर झाल्यामुळे दोन साथीदार सुटले. शर्ट आणि पाइप यांवर एकट्या संदीपला जन्मठेप लागली. काकासाहेबांचे नाव तर आरोपपत्रातही नव्हते.

कोर्टाच्या आवारात सहादेव मला म्हणाले, "वहिनी, मला दोन पोरं हायेत."

"मला एकच हुतं," मी म्हणाले. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

त्यांना मी काही देत नाही. त्यांनी माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. परंतु त्यांच्या घरी जायचा बोळ माझ्या जागेतून आहे. तो बोळ राजनंदिनीने किंवा तिच्यानंतर घर घेणाऱ्याने कधीही बंद करू नये, अरुंद करू नये, तिथे लाकूडफाटा टाकू नये. ही मात्र अट आहे आणि वकीलबाईंनी ती पक्की लिहिली आहे.

कलम ६. काकासाहेब शेळके आणि संदीप शेळके

यांच्यासाठी मी काही ठेवलेले नाही. माफीही ठेवलेली नाही. पंचायतीतले लोक दोनदा येऊन म्हणाले, गावात शांतता हवी, मिटवून टाका. शांतता आम्ही मोरीवर बसून राखली आहे. मिटवणे वेगळे.

संदीपला गेल्या वर्षी उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. अपील चालू आहे. तो गावात आला आहे. दिवसातून एकदा घरासमोर मोटारसायकल उभी करतो, ओट्याकडे बघतो आणि जातो. पोलिसांना आम्ही लेखी कळवले आहे. तो काही बोलत नाही, म्हणून काही करता येत नाही असे उत्तर मिळाले.

अपिलाच्या प्रत्येक तारखेला आमच्याकडून कोणीतरी हजर राहावे. मी नसले तर जयमाला, जयमाला नसली तर टोळीतली कोणीही. खुर्ची रिकामी दिसू देऊ नये. माझ्या मागे कोणीही माझ्या किंवा कल्याणच्या नावाने तडजोड करू नये.

कलम ७. पूजा

पूजा आता चौथीत आहे. गेल्या वर्षी शाळेतून आली आणि मला म्हणाली, "आजी, माझ्या पप्पांनी कल्याणमामाला मारलं, हे खरं हाय का?"

राजनंदिनी चुलीपुढे होती. तिने वळून पाहिले नाही.

"खरं हाय," मी म्हणाले.

पूजा त्या दिवशी जेवली नाही. तिला हे कोणी खोटे आहे असे सांगू नये आणि कोणी तोंडावरही फेकू नये. माझ्या कानातली फुले तिला. ती मोठी होऊन बापाला भेटायचे म्हणाली तर तिला अडवू नये.

कलम ८. मोरीवरच्या बाया

लोक आम्हाला समिती म्हणतात, पोलीस पाटीलही तसेच म्हणतात. आमची नोंद कुठेही नाही. कल्याणनंतर आम्ही अजून तीन-चार वेळा मोरीवर बसलो. एकदा मिरवणुकीच्या डीजेवरून, एकदा कोणाच्या तरी स्टेटसवरून, एकदा पळून गेलेल्या जोडप्यावरून. त्या जोडप्याला आम्ही वाचवू शकलो नाही. मुलीला तिच्या घरचे घेऊन गेले आणि आठवड्याने विहिरीत सापडली, असे सांगण्यात आले. आम्ही तक्रार केली. मुलीचे घरचे म्हणाले, पाय घसरला. हे मी इथे लिहिते कारण लोक आमचे कौतुक करताना ती मुलगी सोडून देतात.

माझ्यानंतर पुढारपण जयमालाकडे. माझा फोटो कुठे लावू नये, पुरस्काराचे वगैरे कोणी करू नये. मोबाईलवर मेसेज आला की आधी त्या माणसाच्या घरी जाऊन पाहावे, मग मोरीवर जावे. बसायला जाताना तरण्या पोरींना पुढे ठेवू नये. दगड पुढच्यांना लागतो.

कलम ९. शेवटचे

मला ओढ्याच्या काठी, साळूबाई आणि कल्याणशेजारी न्यावे. वंदना व्हावी. जेवणावळ नको.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी जयमाला रावसाहेब कदम हिने करावी. तिला कागदाचे कळत नाही असे कोणी म्हणेल, तर वकीलबाईंचा नंबर तिच्याकडे आहे.

टाइप झाल्यानंतरची भर, माझ्या हाताने

साक्षीदार म्हणून जयमाला आणि आमच्या आळीतले गोरक्षनाथ वाघ यांची नावे घातली होती. जयमालाला टेम्पो मिळतो तरी बौद्धाच्या मृत्युपत्राला तिची साक्ष चालते, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. गोरक्षनाथ भला माणूस. मीच विचारले होते, ते हो म्हणाले होते. आज सकाळी त्यांचा फोन आला.

"विमलबाई, माझ्यानं न्हाई व्हायचं. काल संदीप घरी आल्ता. काईच बोलला न्हाई. चहा प्याला, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला न गेला."

मी त्यांना बरे म्हटले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांचे नाव खोडून मी बाजूला सही केली आहे.

राहात्याला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर आम्ही बाकावर बसलो होतो. वकीलबाईंनी दोन-तीन ओळखीच्या लोकांना फोन केले. हिंगणखेडचे नाव ऐकून त्यांना कामे निघाली. पुढच्या तारखेला पाहू, असे वकीलबाई म्हणाल्या. पुढच्या तारखेपर्यंत मी असेन की नाही हे त्यांनाही माहीत होते, पण दुसरे काय म्हणणार?

दुपारच्या एसटीतून गोरक्षनाथांची बायको भीमाबाई उतरली. ती टोळीत कधी नव्हती. मोरीवर कधी बसली नाही. बायांच्या सभेलाही मी तिला कधी पाहिले नाही. रस्त्यात भेटली तर पदर सावरून बाजूला होणारी बाई.

मी विचारले, "गोरक्षनाथांनी पाठवलं व्हय?"

"त्यांना म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "मी दळणाला म्हणून निघाले."

वकीलबाईंनी तिला नीट समजावले. पुढे कोर्टात बोलावणे येईल, नाव कागदावर राहील, ते सगळ्यांना कळेल, त्यालाही कळेल. भीमाबाईने ऐकून घेतले.

"काल तो चहा मीच केल्ता," ती म्हणाली. "कुठं सही करायची?"

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. खालील दोघींसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार: (सही) विमलबाई जालिंदर पगारे

साक्षीदार:

१. (सही) जयमाला रावसाहेब कदम, रा. हिंगणखेड

२. गोरक्षनाथ वाघ, रा. हिंगणखेड [नाव खोडले. वि. जा. पगारे]

(सही) भीमाबाई गोरक्षनाथ वाघ, रा. हिंगणखेड

ठिकाण: राहाता

दिनांक: १६ डिसेंबर २०२५